दांडा उजवीकडे, वळण डावीकडे

ट्राइक या उघड्या, हलक्या विमानाच्या पंखाखाली एक आडवा दांडा असतो. तो उजवीकडे ढकलला की विमान डावीकडे वळतं. पुढे लोटला की नाक वर येतं आणि वेग पडतो. छातीशी ओढला की नाक खाली जातं आणि वेग वाढतो. स्थिर पंखांच्या मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या हलक्या विमानात, हेच सगळं उलट. तिथे हातात काठी असते. ती उजवीकडे नेली की उजवं वळण, मागे ओढली की चढण. जमिनीवरही हा विरोध संपत नाही. ट्राइकचं पुढचं चाक पायांनी थेट वळवायचं असतं, उजवा पाय दाबला की ती डावीकडे जाते. दुसऱ्या विमानात उजवं पेडल म्हणजे उजवी बाजू. एका प्रकारावर हात बसलेला माणूस दुसऱ्यात बसला, तर शांत हवेत आणि थंड डोक्याने तो नीट उडवीलही. पण उतरताना जमीन अंगावर येते त्या क्षणी डोकं मागे पडतं आणि हात जुनं शिकलेलं करून मोकळे होतात. काठीवर तयार झालेला हात घाबरला की मागे ओढतो, कारण त्याच्या विमानात तसं केल्याने नाक वर येतं. ट्राइकमध्ये तीच ओढ नाक जमिनीत घालते.

म्हणूनच जाणते शिक्षक सांगतात, की पुढे जे उडवायचं आहे त्यावरच पहिल्या धड्यापासून बसा. रोज उडणारा व्यावसायिक वैमानिक दोन सवयी वेगवेगळ्या सांभाळू शकतो. सुटीच्या दिवशी, हवा मिळेल तेव्हा उडणाऱ्याने तो भरवसा धरू नये. म्हणजे निवड शिकण्याच्या आधीच करायची, जेव्हा आपल्याला उडण्यातलं फारसं काही कळत नसतं.

मी सध्या त्या निवडीत आहे. वसईजवळच्या गिरीजच्या वाडीत वाढले, शाळेत भूगोल शिकवते, पन्नाशी समोर दिसते आहे आणि उडायला शिकायचं नक्की केलं आहे. दोन्ही प्रकारांत शिक्षकांबरोबर बसून आले. घरात या विषयावर माझ्याशी भांडणारं एकच माणूस आहे, माझी भाची. ती एनसीसीच्या हवाई शाखेत आहे आणि तिच्या मते माझ्यापुढे निवड अशी नाहीच.

"आत्या, ज्या विमानाला शेपूट नाही त्यात तू बसणार?" हा तिचा पहिला प्रश्न होता.

प्रश्न रास्त आहे. स्थिर पंखांच्या विमानात तीन अक्षांसाठी तीन सोयी असतात. पंखांच्या कडेला एलेरॉन, शेपटीला एलेव्हेटर आणि रडर. ट्राइकला यातलं काहीच नाही. पंख म्हणजे अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेलं डॅक्रॉनचं कापड, त्याला आकार देणाऱ्या पातळ पट्ट्या, आणि त्या पंखाच्या मधल्या नळीला एका बोल्टवर टांगलेली तीन चाकांची गाडी. इंजिन, पेट्रोल, दोन माणसं, सगळं त्या बोल्टवर. झोपाळ्यावर बसलेलं मूल आपलं अंग झोकून झोका वळवतं, तसा हा प्रकार आहे. दांडा उजवीकडे ढकलतो तेव्हा खरं तर आपण स्वतः पंखाच्या खाली डावीकडे सरकतो. वजन डावीकडे गेलं की पंख डावीकडे कलतो. उलटं काहीच नाही; दांडा हे आपल्या अंगाला पंखाखाली हलवण्याचं साधन आहे एवढं ध्यानात आलं की सगळं सुलट होतं. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या कागदांत याला पॉवर्ड हँग ग्लायडर म्हणतात, आणि ते वर्णन अचूक आहे.

या दोन विमानांच्या मागे दोन घराणी आहेत, आणि त्यातलं थोरलं घराणं ट्राइकचं आहे. जर्मनीत ओटो लिलिएंथाल 1891 पासून स्वतः बांधलेल्या पंखांना लटकून उड्या घेत होता. बर्लिनजवळ त्याने 1894 मध्ये खास त्यासाठी पंधरा मीटर उंचीची टेकडी रचून घेतली. वळायचं तर पाय आणि कंबर झोकायची, एवढंच त्याचं नियंत्रण. 9 ऑगस्ट 1896 ला दुसऱ्या एका टेकडीवरून उडताना वाऱ्याने पंखाचं नाक वर उचललं, वेग संपला आणि अंग झोकूनही ते सावरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या मृत्यूची बातमी अमेरिकेत राइट बंधूंनी वाचली. माणसाचं वजन हलवून भागणार नाही, पंखालाच पीळ द्यायला हवा, हा त्यांचा निष्कर्ष होता. तारा ओढून पंख पिळायचा, पुढच्या पट्टीने नाक सांभाळायचं, मागच्या रडरने दिशा. 17 डिसेंबर 1903 नंतर जगातली जवळपास सगळी विमानं याच वाटेने गेली. माझ्या भाचीची काठी आणि पेडल थेट तिथून आलेली आहेत.

मग थोरलं घराणं परत कसं उगवलं, ती गोष्ट मी वर्गात सांगते, अभ्यासक्रमात नसली तरी. फ्रान्सिस रोगॅलो हा अमेरिकेतला सरकारी विमान-अभियंता. ऑफिसात त्याच्या मऊ पंखाच्या कल्पनेत कुणाला रस नव्हता, म्हणून 1948 मध्ये त्याने घरीच पंख्याचा वारा सोडून प्रयोग केले. पहिला पंख त्याच्या बायकोने, गर्ट्रूडने, स्वयंपाकघरातल्या फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडाचा शिवला. 1951 मध्ये दोघांना पेटंट मिळालं. पुढे नासाने अंतराळयान जमिनीवर उतरवण्यासाठी हा पंख घेऊन पाहिला, नील आर्मस्ट्राँगनेही त्यावरचं प्रायोगिक यान उडवलं, आणि शेवटी नासाने तो बाजूला ठेवून पॅराशूट निवडलं. पण त्या पंखाचं छायाचित्र एका मासिकातून ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी जॉन डिकेन्सनच्या हाती पडलं. गावच्या वॉटर-स्की क्लबला उत्सवासाठी काहीतरी उडणारं हवं होतं. त्याने 1963 मध्ये लाकूड, अॅल्युमिनियम आणि केळीच्या घडांवर घालायच्या प्लास्टिकचा पंख केला, माणसाला एकाच बिंदूपासून टांगलं आणि समोर त्रिकोणी चौकट दिली. लिलिएंथाल पंखातच अडकलेला असायचा, त्यामुळे त्याला फार थोडं हलता येत होतं. टांगलेल्या माणसाला चौकटीच्या आधाराने आपलं सगळं वजन हवं तिथे नेता येतं. सत्तर वर्षं अडलेलं काम त्या त्रिकोणाने सुटलं. आजच्या प्रत्येक ट्राइकचा दांडा हा त्या त्रिकोणाचा पाया आहे.

केळीच्या वाडीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट किती जवळची वाटते हे मी वसईबाहेरच्या कुणाला सांगू शकत नाही. घड, पानवेल, मोगरा आणि बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी यांत लहानपण गेलं. आमच्याही वाडीत घडांवर आवरणं घातली जायची, आणि त्यांतून पंख निघू शकतो हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. ग्राफ्टनसारख्या गावातल्या माणसाच्या ते मनात आलं, याचा मला फार आनंद वाटतो.

भाचीला हे सगळं मान्य असतं. तिचं म्हणणं वेगळं असतं. तिला लहानपणी, 2016 च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात, बांद्रा-कुर्ला संकुलात नेलं होतं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान तिथे ठेवलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात विमान म्हणजे शेपूट, काठी आणि झाकलेली केबिन. तिला पुढे मोठी विमानं उडवायची आहेत. तिने काठीवरच शिकावं, यात मलाही शंका नाही. काठीवरून मोठ्या विमानाकडे रस्ता सरळ जातो, दांड्यावरून जात नाही. एनसीसीच्या मुलांना मिळणारी मायक्रोलाइटही स्थिर पंखांचीच. आधी झेनएअर 701 होती, आणि 2015 मध्ये हवाई दलाने स्लोव्हेनियाच्या पिपिस्त्रेल कंपनीकडे 194 'व्हायरस' मागवली, ती हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी.

लांब जायचं तर काठी, असंही ती म्हणायची. त्याला तिच्याकडे दाखले होते. मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया 1988 मध्ये 'शॅडो' या स्थिर पंखांच्या मायक्रोलाइटमधून ब्रिटनहून एकटे भारतात आले, 23 दिवसांत. त्याच जातीच्या विमानातून ईव्ह जॅक्सन त्याआधी लंडनहून सिडनीला पोचली होती. 2007 मध्ये हवाई दलाचे विंग कमांडर राहुल मोंगा आणि अनिल कुमार स्थिर पंखांच्या सीटीएसडब्ल्यू मायक्रोलाइटमधून पृथ्वीला फेरी घालून 79 दिवसांत परत आले.

हे दाखले ऐकून मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ब्रायन मिल्टन या इंग्रज माणसाने दोन्ही करून ठेवलं आहे. 1987-88 मध्ये तो 'शॅडो'तूनच लंडनहून ऑस्ट्रेलियाला गेला, आणि दहा वर्षांनी, 1998 मध्ये, लवचीक पंखांच्या ट्राइकमधून 120 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. उघड्यावर बसून, वारा अंगावर घेत. 2004 मध्ये रिचर्ड मेरेडिथ-हार्डीने तर ट्राइक एव्हरेस्टच्या वर नेली. तेव्हा अंतर आणि उंची यांवरून निवड होत नाही. केबिनमध्ये बसलेला माणूस कमी थकतो आणि पावसात भिजत नाही, एवढाच फरक खरा. तो लहान नाही, पण मला पृथ्वीला फेरी घालायची नाही.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार एकाच छपराखाली तयार झाले आहेत, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. जोएल केक्लां हा फ्रेंच माणूस दक्षिण भारतात स्थायिक झाला आणि त्याच्या राजहंस अल्ट्रालाइट्सने बंगळूरला आधी हँग ग्लायडर, मग ट्राइक आणि पुढे स्थिर पंखांचं 'एक्स-एअर' बांधलं. एक्स-एअरच्या एका प्रकाराला 'हनुमान' असं नाव आहे. बंगळूरच्या जक्कूर विमानतळाच्या परिसरात मी ज्या विमानात पहिल्यांदा बसले ते याच जातीचं होतं. कापडाचे पंख, नळ्यांचा सांगाडा, पण काठी, पेडल आणि समोर काच. शिक्षकांनी काठी हातात दिली तेव्हा पहिली जाणीव झाली ती विमानाच्या आज्ञाधारकपणाची. सांगितलं तेवढं केलं. हवेचा धक्का आला तर तो सांगाड्याला बसला, मला नंतर कळला.

ट्राइकमध्ये धक्का आधी हाताला कळतो. सकाळच्या उन्हात तापू लागलेल्या नांगरटीवरून गेलो तेव्हा उजव्या पंखाखाली हवा वर येते आहे हे दांड्याच्या उजव्या टोकाने सांगितलं, डोळ्यांना काही दिसायच्या आत. पुढे तलावावरून जाताना तोच दांडा मऊ पडला. वर्षानुवर्षं मी फळ्यावर बाण काढून जे शिकवत आले, जमीन लवकर तापते, पाणी उशिरा, हवा वर जाते, बाजूची धावून येते, ते सगळं दंडातून खांद्यात येत होतं. मला हवंय ते हेच, असं मला तिथे, त्या क्षणी कळलं. त्या उडण्यात वेग नव्हता. बगळ्यांची एक ओळ आमच्या बरोबरीने काही वेळ उडत राहिली. अमेरिकेत 2001 पासून काही वर्षं डौलदार व्हूपिंग क्रौंचांच्या पिल्लांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडापर्यंत स्थलांतराची वाट शिकवली गेली ती ट्राइकमागे उडवून. पांढरा वेष चढवलेला वैमानिक पुढे आणि पिल्लं पंखाच्या कडेला. ट्राइकची सावकाश चाल त्यांना सोसणारी होती.

पण आवड सांगून भागत नाही, निवडीला भूगोलही लागतो. आमच्या गिरीजला हिरा डोंगरी आहे, वज्रगड म्हणतात तो. वर दत्ताचं देऊळ. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली त्या मोहिमेशी या डोंगरीचं नाव जोडलेलं आहे, कारण वरून वसईचा किनारा नजरेत येतो. मी हल्ली तिथे उभी राहून एकच खेळ खेळते. इथे, या उंचीवर, इंजिन बंद पडलं, तर उतरायचं कुठे? हलक्या विमानाच्या वैमानिकाने हा प्रश्न क्षणभरही सोडायचा नसतो. विशेषतः टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ते न सांगता थांबू शकतं. वाड्यांत ताडमाड आणि विजेच्या तारा. जुन्या शेतांवर इमारती. रस्त्यांवर रिक्षा आणि टेम्पो. पूर्वेकडे मिठागरं, पण त्यांना बांध. राहता राहिला भुईगाव-राजोडीचा ओला वाळूपट्टा, तोही ओहोटी असेल तर. ट्राइक आणि स्थिर पंखांचं हलकं विमान, दोन्ही थोड्या जागेत उतरतात. गिरीजला ती थोडी जागाही उरली नाही. शिवाय वर मुंबई विमानतळाचं आकाश, आणि वसईला धावपट्टी नाही. वसईवरून घिरट्या घालण्याचा विचार मी यामुळे सोडून दिला.

त्यातूनच निवडीचा एक मोठा मुद्दा निघतो. इथे राहणाऱ्याला विमान घराजवळ ठेवता येईल का? स्थिर पंखांच्या विमानाला हँगर लागतं, आणि ते दूरच्या धावपट्टीवर. ट्राइकचा पंख मिटतो. पट्ट्या काढायच्या, नळ्या जवळ आणायच्या, लांब पिशवीत घालून गाडीच्या टपावर बांधायचं. खालची गाडी ट्रेलरवर. आमच्या जुन्या घराच्या पडवीत पंख सहज मावेल. मात्र ही खाऱ्या वाऱ्याची जागा आहे. अॅल्युमिनियमच्या सांध्यांना आणि तारांच्या टोकांना मीठ खातं, आणि डॅक्रॉनचं आयुष्य ऊन कमी करतं. घरी आणून झाकून ठेवलं तर ऊन टळेल, मीठ टळणार नाही. गोड्या पाण्याने धुणं, वाळवणं आणि प्रत्येक तार बोटाने चाचपणं हे कायमचं काम मागे लागेल. वाडीत वाढलेल्या माणसाला रोजची निगा नवी नाही.

वाऱ्याचं गणित मात्र ट्राइकच्या बाजूचं नाही, हे मी भाचीपुढे कबूल करते. हिवाळ्यात पहाटे आमच्याकडे तुंगारेश्वराच्या डोंगराकडून मतलई वारा येतो, संथ, जेमतेम पानं हलतील इतका. ऊन चढलं की तो पडतो, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तो दुपारी चांगलाच जोर धरतो. कोकणपट्टीवर कुठेही दुपारी धावपट्टीला आडवा वारा असेल, तर काठी-पेडलवाला रडर देऊन विमान सरळ करून उतरू शकतो. ट्राइकला रडर नाही. ती वाऱ्याकडे तोंड करून तिरकी येते आणि चाकं टेकल्यावर सरळ होते. हे थोड्याच वाऱ्यापर्यंत सोसतं. उसळत्या हवेत तर तासाभरात दंड भरून येतात, कारण प्रत्येक दुरुस्ती आपल्याच ताकदीने करायची असते. माझा उजवा खांदा आता पूर्वीचा नाही. त्यामुळे ट्राइक घेतली तर उडणं सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासा-दीड तासाचं, आणि तेही ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत. पावसाळ्याचे चार महिने पंख पिशवीत.

सुरक्षिततेवर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. दोन्हींना आपापला मृत्यू आहे, हे मी लपवत नाही. वेग पडला तर स्थिर पंखांचं विमान एका अंगावर पडून गरगर फिरत खाली जाऊ शकतं. त्यातून बाहेर यायची पद्धत शिकवली जाते. ट्राइकचा पंख वेग पडला की सहसा नम्रपणे नाक खाली घालतो आणि स्वतःच सावरतो. पण कुणी हौसेने नाक आभाळात उभं केलं, वजन क्षणभर नाहीसं झालं, तर पंख पुढे कोलमडून उलटतो, आणि त्यातून सावरण्याची कुठलीही पद्धत नाही. रॉकेटने उघडणारं, सगळ्या विमानाला धरणारं पॅराशूट दोन्हींना लावता येतं, आणि मी ते लावणारच. तरीही ट्राइकची सुरक्षितता मुख्यतः वैमानिकाच्या स्वभावात आहे. जो मर्यादेत उडतो त्याला ती फार क्षमाशील आहे. मर्यादा बघायला जाणाऱ्याला एकदाही क्षमा नाही.

"मग तू ट्राइकच का घेतेस?" भाचीने विचारलं. "वारा जास्त झाला की उतरायचं, दुपारी उडायचं नाही, खांदा दुखणार, मीठ धूत बसायचं."

मी तिला सांगितलं, की मला हवेतून कुठे जायचं नाही. मला हवेत असायचं आहे, आणि ती काय करते आहे हे माझ्या अंगाला कळायला हवं आहे. त्यासाठी सकाळचा तो तास पुरेसा आहे. दुपारच्या वाऱ्याशी झगडून जिंकावं असं मला वाटत नाही. तिला जायचं आहे, पुढच्या विमानाकडे, त्याच्या पुढच्याकडे. तिने काठी सोडू नये, आणि हौस म्हणूनसुद्धा माझ्या दांड्यावर शिकायला बसू नये, निदान तिचे हात पक्के होईपर्यंत. हे मी तिला निक्षून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने त्या एका बोल्टबद्दल विचारायला सुरुवात केली. कोणत्या धातूचा असतो, किती तासांनी बदलतात, तो तुटला तर वर काय धरतं. मी सांगितलं, की त्याला आधाराची वेगळी तार असते, आणि बोल्टचं आयुष्य बनवणाराच ठरवून देतो, ते संपलं की तो दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकायचा.

पाऊस गेला की ऑक्टोबरात शिकायला निघायचं ठरलं आहे. भाची मला सोडायला येईल, पंख कसा जोडतात ते एकदा माझ्याबरोबर शिकून घेईल आणि परत येऊन तिच्या विमानाला लागेल. पुढे कधी पंख गिरीजच्या पडवीत आला, तर प्रत्येक वेळी बाहेर पडण्याआधी बोल्ट, नट आणि आधाराची तार ती स्वतः हात लावून बघणार, मी आधी बघितलेली असली तरी. ही तिची अट मी मान्य केली आहे.